केसपेपरवरचे शब्द

गेल्या अंकात मी विचारलं होतं: दवाखान्यात तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला इतरांपेक्षा वेगळं वागवलं गेलं का? पत्रं इतकी आली की सगळ्यांना इथे जागा देता येत नाही. काहींना मी घरच्या पत्त्यावर उत्तर पाठवलं आहे, उरलेल्यांतली सहा इथे घेते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मेडिसिनची डॉक्टर, 2001 पासून त्याच इमारतीत. लिहिते आहे ते तिथून दिसलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं माझ्याच हातून घडलेलं आहे.

प्रश्न : दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांसाठी सिव्हिलला जातो. दोन तास रांगेत उभा राहतो आणि डॉक्टर दोन मिनिटंही देत नाहीत. माझ्या पुढच्या माणसाशी मात्र दहा मिनिटं बोलत बसले होते. हा भेदभाव नाही का? तुमचा दिवस असतो तरी कसा?
— एक निवृत्त गुरुजी

उत्तर : गुरुजी, आधी दिवस सांगते. सव्वाआठला वॉर्डात पोचते. माझ्या वॉर्डात खाटा चाळीस, पावसाळ्यात पेशंट साठच्या घरात, म्हणजे वीस जण खाली गादीवर. सिस्टर ट्रॉली घेऊन, इंटर्न बीपीचं मशीन घेऊन, असा राउंड साडेनऊपर्यंत चालतो. मग ओपीडी. दीडपर्यंत साधारण एकशेतीस केसपेपर टेबलावरून जातात. तुम्ही हिशेब शिकवलेला आहे: दोनशेचाळीस मिनिटं आणि एकशेतीस माणसं. दुपारी सकाळचे रिपोर्ट, कॅज्युअल्टीतून येणारे कॉल, मोठ्या रुग्णालयात पाठवायच्या पेशंटची कागदपत्रं. दर तिसऱ्या दिवशी रात्रपाळी.

तुमच्या पुढच्या माणसाला कदाचित त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं असेल की त्याला टीबी आहे. त्याला सहा महिन्यांच्या गोळ्या समजावून सांगायच्या होत्या, घरातली लहान मुलं तपासायला आणायला सांगायचं होतं. त्याचा रडू येण्याचा वेळही त्यात धरायला हवा. ज्याला जास्त गरज त्याला जास्त वेळ, याला मी भेदभाव म्हणत नाही.

पण त्या दोन मिनिटांच्या आत भेदभाव होतो, आणि तो मला स्वतःला दिसला नव्हता. माझ्या टेबलाशेजारी एक लोखंडी स्टूल आहे. काही वर्षांपूर्वी एका इंटर्न मुलीनं मला हळूच विचारलं, “मॅडम, तुम्ही काहींना बसा म्हणता आणि काहींना उभ्यानंच विचारता, ते कसं ठरवता?” मी काहीच ठरवत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं तर मलाच दिसलं: इस्त्रीचा सदरा असला की ‘बसा काका’, आणि धोतराला चिखल असला की ‘काय होतंय?’ उभ्या माणसाची नाडी मी पाहत नव्हते, पोटावर हात ठेवत नव्हते. म्हणजे मी त्याला तपासतच नव्हते, नुसतं विचारून गोळ्या लिहीत होते. तेव्हापासून स्टुलावर बसल्याशिवाय कोणाशी बोलायचं नाही, असा नियम मी स्वतःला घातला आहे. वेळ तेवढाच लागतो.

तुमच्यासाठी एक काम. चालू गोळ्यांची नावं आणि घरी मोजलेल्या बीपीचे आकडे एका कागदावर लिहून आणा. मिळालेल्या दोन मिनिटांत तो कागद पुष्कळ बोलेल.

प्रश्न : माझी बायको एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. अकरा वर्षं एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या घेते, एक दिवस चुकवलेली नाही. पित्ताशयात खडे झाले म्हणून एका खासगी रुग्णालयात ॲडमिट केलं. संध्याकाळी रक्ताचे रिपोर्ट आले आणि सकाळी सांगितलं, भूल देणारे डॉक्टर गावाला गेलेत, दुर्बिणीचं मशीनही बिघडलंय. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. केसपेपरवर लाल पेनानं गोल केला होता, तो जेवण वाटणाऱ्या मुलानंही पाहिला. भांडावं की गुपचूप दुसरीकडे जावं?
— एक नवरा

उत्तर : आधी खडे, मग भांडण. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटातली कळ थांबेना, तर हा अंक बाजूला ठेवून आजच जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा. तिथे अशी ऑपरेशनं होतात. एआरटीची वही आणि शेवटचा व्हायरल लोडचा रिपोर्ट सोबत ठेवा. इतकी वर्षं नेमानं गोळ्या घेतलेल्या बाईच्या रक्तात विषाणू बहुधा मोजता येणार नाही इतका कमी असेल.

आता त्या लाल गोलाबद्दल. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वॉर्डातही तो होता. कोपऱ्यात, संडासाच्या दाराजवळ एक खाट होती, आणि ती कोणासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. मावशी तिथला केर सगळ्यांत शेवटी काढत. सुई टोचायची वेळ आली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. मीही बघायचे. तेव्हा पेशंटला द्यायला आमच्याकडे फारसं काही नव्हतं. एआरटीची औषधं सरकारकडून मोफत मिळायला लागली 1 एप्रिल 2004 पासून, आणि आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचायला त्यानंतरही वेळ गेला. त्याआधी मी तिशीतल्या माणसांना खिचडी खा, पाणी उकळून प्या, एवढंच सांगत होते.

2006 साली मला सुई टोचली. पेशंटच्या केसपेपरवर लाल गोल नव्हता. नव्हता म्हणूनच मी एक हातमोजा काढून ठेवला होता, कारण मोजा घालून शीर सापडत नव्हती. चार दिवसांनी त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. हात साबणपाण्यानं धुतला होता आणि गोळ्या त्याच रात्री सुरू केल्या होत्या, म्हणून पुढचे अठ्ठावीस दिवस मळमळीवर निभावले. सुई लागल्यावर ही औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत घेतलेली उत्तम, आणि 72 तासांनंतर उपयोग नाही. ती सवड मला मिळाली. पण त्या महिन्यात एक गोष्ट पक्की कळली. लाल गोलानं माझं रक्षण केलं नव्हतं. लाल गोल दिसला नाही म्हणून मी बेसावध राहिले होते.

संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट पाहून ढिलं वागणारा सर्जन स्वतःलाच फसवतो. सुई टोचल्यावर औषधं न घेता एचआयव्ही होण्याचा धोका हजारात तीन इतका आहे. हिपॅटायटिस बी चा धोका, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जातो. तरी बी च्या पेशंटचं मशीन बिघडल्याचं मी कधी ऐकलं नाही. प्रत्येक पेशंटच्या रक्ताला सारखंच जपायचं, सगळ्यांना तेच मोजे, तोच चष्मा, सुया टाकायला तोच डबा. ऑपरेशनची खोली याच पद्धतीनं सुरक्षित राहते.

भीती मी समजू शकते, ती माझ्याही हातात होती. भीतीवर खोटं बोलून उपाय काढला, तो मला मान्य नाही.

मी अकरावीत असताना, 1989 साली, गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणानं रक्तदान केलं, रक्त पॉझिटिव्ह निघालं, आणि पोलिसांनी त्याला उचलून जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस कोंडलं. गुन्हा काही नव्हता. त्याच्या आईनं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पॉझिटिव्ह माणसाला कोंडण्याची मुभा देणारा कायदाच तेव्हा होता, आणि न्यायालयानंही तो उचलून धरला. डॉमिनिक 1992 मध्ये गेला. आज कायदा तुमच्या बाजूला आहे, एवढा फरक पडायला जवळजवळ तीस वर्षं लागली. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. पॉझिटिव्ह आहे म्हणून उपचार नाकारणं हा त्यात भेदभाव आहे. समजावून, संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. ‘ऑपरेशनआधीच्या रक्तात’ ती गुपचूप घुसडली असेल तर तीही तक्रार. रिपोर्ट ज्याचा, त्याच्या लेखी संमतीशिवाय तो दुसऱ्याला कळता कामा नये, म्हणजे जेवण वाटणाऱ्या मुलाला दिसलेला लाल गोलही तक्रारीत येतो.

करायचं असं. रुग्णालयाला लेखी विचारा की ठरलेलं ऑपरेशन का झालं नाही, आणि पोच घ्या. तोंडी ‘मशीन बिघडलंय’ म्हणणारे लोक कागदावर तसं लिहायला कचरतात. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या रुग्णालयात या कायद्यानुसार तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याचं नाव विचारा. तिथे दाद लागली नाही तर याच कायद्याखाली नेमलेला राज्याचा लोकपाल आहे. त्यानं तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो चोवीस तासांत. एआरटी सेंटरमधल्या समुपदेशकाला सोबत घ्या, किंवा 1097 या मोफत क्रमांकावर फोन करा.

काही डॉक्टर म्हणतील की कोणाला तपासायचं हे निवडायची आम्हाला मुभा आहे. 2002 च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत ती आहे, हे खरं. पण त्याच नियमांत आहे की तातडीच्या वेळी नाही म्हणता येत नाही, आणि एकदा केस हातात घेतली की पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. तुमच्या बायकोला त्यांनी ॲडमिट करून घेतलं होतं. ती त्यांची पेशंट झाली होती.

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. अकरा वर्षांत एक दिवस न चुकवणं काय असतं, हे मला माहीत आहे. मला अठ्ठावीस दिवस जड गेले होते.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात पुढाऱ्यांच्या माणसांना मागच्या दारानं आधी आत घेतात. खरं की खोटं?
— एक वाचक

उत्तर : खरं. मीही घेतलं आहे. नगरसेवकाचा, सभापतीचा, कधी आमच्याच खात्यातल्या वरिष्ठांचा फोन येतो. नाही म्हणायला धैर्य लागतं आणि ते रोज नसतं. सध्या मी एकच करते: फोन कोणाचा, कोणासाठी, किती वाजता आला, हे त्या पेशंटच्या केसपेपरवर लिहिते, आणि फोन करणाऱ्याला तसं सांगतेही. फोन पुष्कळ कमी झाले आहेत. जे अजूनही येतात त्यातले काही खरोखर गंभीर पेशंटसाठी असतात, आणि त्यांना तर फोनशिवायही आधीच घ्यायचं असतं.

प्रश्न : मी इंटर्न आहे. दोन प्रसंग मनातून जात नाहीत. एक फासेपारधी बाई रात्री आणली, हिमोग्लोबिन पाच. रक्ताची पिशवी लावली. सीनियर म्हणाले, मोबाइल सांभाळा. पहाटे पिशवी निम्मी असताना ती हातातल्या सुईसकट निघून गेली. मला केसपेपरवर ‘ॲबस्काँडेड’ लिहायला सांगितलं. दुसरं: नेहमी दारू पिऊन येणाऱ्या एका माणसाला बघताना मला किळस येते. मी वाईट डॉक्टर होणार का?
— एक इंटर्न

उत्तर : तुझ्या पत्रातला तो एक शब्द मी कितीतरी वेळा वाचला. ॲबस्काँडेड. फरार. माझ्या वॉर्डातून डामा घेऊन, म्हणजे सल्ला झुगारून सही करून, व्यापारी जातात, प्राध्यापक जातात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्यांच्या कागदावर आम्ही ‘विनंतीवरून डिस्चार्ज’ असंही लिहितो. आणि सही करता न येणारी बाई अर्ध्या रात्री उठून गेली की ती फरार. आजार तोच, खाट तीच, जाणंही तेच. पोलिसांचा शब्द फक्त तिच्या वाट्याला.

तो तिच्या वाट्याला कुठून आला हेही बघ. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मल्याबरोबर गुन्हेगार. तो कायदा गेल्यावर 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती विमुक्त झाल्या, म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन म्हणतात. तुझ्या सीनियरला यातलं काही ठाऊक असेल-नसेल. ‘मोबाइल सांभाळा’ त्याच्या तोंडात आपसूक आलं, इतकं ते मुरलेलं आहे.

ती का गेली, हे कोणी विचारलं का? आमच्याकडे अशीच एक बाई दोनदा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या सिस्टरनं तिच्या सासूला बाकावर बसवून चहा दिला आणि विचारलं. दोन लेकरं आवारातल्या लिंबाखाली झोपली होती. कॅज्युअल्टीच्या दाराशी पोलीस चौकी आहे. तिचा नवरा डबा घेऊन आला की हवालदार त्याला थांबवून नाव-गाव विचारायचा. तो यायचा बंद झाला, म्हणून ती उठून गेली. यात औषधाचा, अज्ञानाचा, ‘यांना सांगून कळत नाही’ याचा काही संबंध नव्हता. आम्ही चौकीत बोललो, लेकरांना व्हरांड्यात झोपायला जागा दिली. तिच्या दोन्ही पिशव्या पूर्ण झाल्या.

तुझ्या पेशंटच्या हातात सुई राहिली आहे, त्या जागी पू होऊ शकतो. तिच्या पालाच्या जवळची आशाताई कोण हे प्राथमिक आरोग्य केंद्रातून आजच शोध. आणि केसपेपरवर ‘रक्त अर्धं गेलं असताना पेशंट न सांगता घरी गेली, कारण समजलेलं नाही’ असं लिही. दोन ओळी जास्त लागतील. पुढच्या वेळी ती आली तर जो डॉक्टर तो कागद वाचेल, तो तिच्याकडे पेशंट म्हणून बघेल.

आता दारू. किळस येते हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मी लिहिलं नव्हतं, कोणाला सांगितलंही नव्हतं. 2009 मधली रविवारची रात्र. पोलिसांनी स्टँडवरून एक माणूस उचलून आणला. कपडे ओले, तोंडाला वास. तो आमच्या ओळखीचा होता, महिन्यातून दोनदा तरी यायचा. आधीच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरात ‘नोन अल्कोहोलिक’ होतंच. कॅज्युअल्टी भरलेली, एक विष घेतलेला पोरगा टेबलावर. मी त्या माणसाकडे लांबून बघितलं आणि म्हटलं, “उतरू द्या त्याची.” स्ट्रेचर व्हरांड्यात भिंतीला लावलं. पहाटे सिस्टर सलाईन बदलायला गेली आणि मला धावत बोलवायला आली. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. डोक्यात आतून रक्तस्राव होता. पडला होता तो, दारूनं बेशुद्ध नव्हता, किंवा नुसत्या दारूनं नव्हता. मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, जगला. उजवा हात आणि वाचा पूर्ण परत आली नाही. हमाली करायचा.

ते सहा तास माझे आहेत. गर्दी होती, झोप नव्हती, हे सगळं खरं आहे. पण तोच माणूस कोणा ओळखीच्या वकिलाचा भाऊ असता, तरी वास आलाच असता, आणि मी बाहुल्या टॉर्चनं पाहिल्या असत्या.

म्हणून आमच्या कॅज्युअल्टीत आता दारू प्यायलेल्या प्रत्येक पेशंटचं आधी ग्लुकोमीटरवर साखर, मग बाहुल्या, मग डोक्यावर हात फिरवून जखम बघायची, आणि दर तासाला हाक मारून उठतो का हे लिहून ठेवायचं. साखर कमी झालेला माणूसही दारुड्यासारखाच बरळतो. हे कागदावर छापून भिंतीला लावलं आहे, कारण किळस जाण्याची वाट बघत बसलो तर तेवढ्यात कोणीतरी मरेल. तुझी किळस जाईल की नाही मला सांगता येत नाही. माझी पूर्ण गेलेली नाही. टॉर्च मात्र खिशात असतो.

प्रश्न : माझी आई 68 वर्षांची. तिनं पुरुष डॉक्टरकडून छाती तपासून घ्यायला नकार दिला, तर डॉक्टर चिडले. आमच्या ओळखीचे एक आजोबा मात्र डॉक्टरचं आडनाव विचारून मगच हात लावू देतात. दोन्ही एकच आहे का? पेशंटही भेदभाव करू शकतो का?
— एक मुलगी

उत्तर : एकच नाही. तुमच्या आईला संकोच होता. तो मानायला हवा. स्त्री डॉक्टर असेल तर बोलवावी, नसेल तर तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री खोलीत हवी. हा रुग्णाचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आहे. चिडायचं काही कारण नव्हतं.

आजोबांना संकोच नाही, त्यांना जात हवी आहे. एका रात्री हृदय कमजोर होऊन फुफ्फुसात पाणी झालेले असेच एक आजोबा आमच्याकडे आले. माझा तरुण एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, ड्युटीवर होता. धाप लागलेली असतानाही त्यांनी त्याला विचारलं, “गाव कोणतं तुमचं? आडनाव?” त्यानं सांगितलं. “मोठ्या बाईंना बोलवा,” म्हणाले. तोवर त्यानं इंजेक्शन देऊन ऑक्सिजन लावलाही होता. मी पोचले आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. म्हटलं, “आजोबा, आज ड्युटीला हेच डॉक्टर आहेत. मी आले तरी तपासणार तेच.” धाप उतरायला लागली तसा त्यांनी हात पुढे केला.

पेशंटवर रागावून उपचार थांबवता येत नाहीत, पण त्याच्यासाठी डॉक्टर बदलूनही देऊ नये. दिला, की आपण त्याच्या मताला शिक्का देतो.

मी चुकले ते पुढे. त्या रात्री एमओशी मी त्याबद्दल काहीच बोलले नाही. तीन दिवसांनी विचारलं तर म्हणाला, “मॅडम, सवय आहे.” सत्तावीस वर्षांचा मुलगा. आता असं काही झालं की त्याच रात्री, चहा घेताना, मी बोलते.

प्रश्न : मी ट्रान्स बाई आहे, तुमच्याच जिल्ह्यातली. दोन वर्षांपूर्वी सिव्हिलला आले होते तेव्हा केसपेपरच्या खिडकीवर माझं जुनं नाव मोठ्यानं पुकारलं, लोक हसले. मी परत गेले. आता डावा पाय आठवड्यापासून सुजलाय, पोटरी दुखते. बाई दिसावं म्हणून मेडिकलमधून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणून दिवसाला तीन-चार घेते. डॉक्टरला सांगितलं तर ओरडतील. यावं का?
— एक वाचक

उत्तर : या पत्राचं उत्तर अंकासाठी थांबवता आलं नसतं. संपादकांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं त्याच संध्याकाळी आम्ही तिला निरोप पाठवला: आज रात्रीच ये, चालत येऊ नकोस, रिक्षानं ये. एकच पाय सुजणं, पोटरी दुखणं आणि त्या गोळ्या, हे तिन्ही एकत्र आले की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाल्याचा संशय घ्यायचा असतो. ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस तासाभरात जाऊ शकतो. पुढचं तिच्या परवानगीनं लिहिते आहे.

ती रात्री साडेनऊला आली. मी खिडकीवरच्या क्लार्कना आधी सांगून ठेवलं होतं, ती सांगेल तेच नाव केसपेपरवर घाला. त्यांनी विचारलं, “ओळखपत्र?” उपचार सुरू करायला ओळखपत्र लागत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांना फक्त कोणीतरी तसं म्हणायला हवं होतं. डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, केला, गाठ निघाली, मांडीपर्यंत. इंजेक्शन सुरू केलं.

किती गोळ्या घेतेस, कधीपासून, हे मी दार लावून विचारलं. ती बराच वेळ गप्प होती, मग पर्समधून रिकामी पाकिटं काढली. सतरा. तिला वाटलेलं मी ओरडेन. गोळ्यांचं सांगायची भीती वाटली म्हणून ती आठवडाभर घरी झोपून राहिली होती. खिडकीवरच्या त्या हसण्यानं तिचा जीव जवळपास घेतलाच होता, असं मी म्हणेन, आणि ते हसू आमच्या इमारतीत झालं होतं.

वॉर्ड कोणता, हे मी तिलाच विचारलं. बायकांचा, म्हणाली. एका नातेवाईकानं सिस्टरकडे कुरकुर केली. सिस्टरनं त्यांना सांगितलं की पेशंटला चालायचं नाही, उठायचं नाही, ती कोणाला काय करणार आहे, आणि मधला पडदा ओढून दिला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली, 2019 च्या कायद्यात त्यांच्याशी आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई आहे, हे मी वॉर्डात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं. पण त्या रात्री पडदा कामाला आला.

सहाव्या दिवशी ती घरी गेली. त्या गोळ्या बंद केल्या आहेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतील. हार्मोन्स सुरक्षितपणे कसे आणि कोणाच्या देखरेखीखाली घ्यायचे, यासाठी तिला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरकडे, जायची चिठ्ठी दिली आहे. ही शंका असलेल्या इतर कोणी वाचत असाल तर पाळणा लांबवायच्या गोळ्या या कामासाठी घेऊ नका, आणि घेतल्या असतील तर लपवू नका.

माझी ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. ती पुढच्या शुक्रवारी तपासणीला येणार आहे. जुना केसपेपर क्लार्कनी स्वतः शोधून रद्द केला आणि नवा तिच्या नावानं जोडून दिला.